अठराव्या होलवरचा वारा

चैताली खुडेचं पत्र निळ्या आंतर्देशीय कागदावर होतं. माझ्याकडे मोबाइल नाही हे तिला माहीत होतं. तिने ते कॉलेजच्या पत्त्यावर पाठवलं होतं आणि मी निवृत्त झालो असल्यामुळे तिथल्या शिपायाने ते घरी आणून दिलं. तिने स्पर्धांमध्ये खेळणं सोडलं होतं आणि आता ती लहान मुलींना गोल्फ शिकवत होती. त्यांतली एक मुलगी तिच्या मागे लागली होती, की बाई, गिरिजा वाकणकर इतक्या स्पर्धा जिंकल्या, तुम्ही एकही नाही, मग तुमच्यात आणि त्यांच्यात फरक काय होता? चैतालीने खाली लिहिलं होतं, 'सर, तुम्ही तर आम्हाला मोजतच होता. काय सांगू हिला?'

त्या पत्राला तेव्हा मी उत्तर दिलं नाही. दोन-तीनदा लिहायला बसलो. एकदा तर सरासऱ्यांचा तक्ताही काढला. पण तो वाचताना मलाच वाटलं, हे तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नाही. उत्तर होतं एका फटक्यात, आणि तो फटका कुठल्याच सरासरीत बसत नव्हता.

मी संख्याशास्त्र शिकवत असे. गोल्फची काठी मी आयुष्यात हातात धरलेली नाही. माझा एक जुना विद्यार्थी महिला व्यावसायिकांच्या स्पर्धा भरवणाऱ्या मंडळात कामाला होता. वरच्या आणि खालच्या खेळाडूंत नेमका कशाचा फरक असतो हे त्याला कुणाकडून तरी मोजून हवं होतं. तो मला म्हणाला, सर, तुम्हाला खेळातलं काही कळत नाही हेच बरं आहे. मला ते पटलं नाही, पण नाही म्हणणंही जमलं नाही. मी गोल्फवरची पाच-सहा पुस्तकं वाचून काढली आणि पांढरी टोपी घालून, अंतर मोजायचं चाक ढकलत, त्या मुलींच्या मागे चालू लागलो. प्रत्येक चेंडू कुठून मारला, कुठे पडला, झेंड्यापासून किती लांब, एवढं मी लिहायचो.

गिरिजा वाकणकर ही कर्नल वाकणकरांची मुलगी. उंच, कमी बोलणारी, आणि त्या वेळी देशातल्या पहिल्या दोघी-तिघींत. चैताली तिच्याहून चारेक वर्षांनी लहान. तिचे वडील, आप्पा, पुण्याजवळच्या छावणीतल्या गोल्फ मैदानावर कॅडी होते. साहेबलोकांच्या पिशव्या वाहता वाहता त्यांनी मुलीला खेळ शिकवला होता. गिरिजा लहानपणी त्याच मैदानावर खेळायची आणि तिचीही पिशवी आप्पाच उचलत. त्यामुळे ती देशभर नाव कमावून आली तरी आप्पा तिला 'बेबी'च म्हणत. आता ते फक्त चैतालीचे कॅडी होते. बोलायला त्यांना कुणीही चाले. मला ते प्रोफेसरसाहेब म्हणत आणि माझ्या चाकाला सायकल. रोज विचारायचे, "काय प्रोफेसरसाहेब, आज सायकल पंक्चर नाही ना?"

वर्षातली शेवटची स्पर्धा त्यांच्याच मैदानावर होती. वर्षभराच्या गुणांत पहिल्या तीस जणींना पुढच्या वर्षी खेळायचं कार्ड मिळे. एकतिसाव्या मुलीने घरी जायचं, नाहीतर पुन्हा पात्रता फेरीतून यायचं. चैताली तेव्हा पस्तिसाव्या का छत्तिसाव्या जागेवर होती. या स्पर्धेत ती पहिल्या पाचांत आली तरच कार्ड वाचणार होतं. आप्पांनी तिला स्वच्छ सांगून ठेवलं होतं की हे शेवटचं वर्ष. कार्ड गेलं तर हडपसरला मावशीच्या पार्लरमध्ये बसायचं. पात्रता फेरी वगैरे काही नाही. ते रागाने बोलत नव्हते. त्यांचे गुडघे गेले होते, आणि दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर मुलीची पिशवी द्यायला ते तयार नव्हते.

सरावाच्या दिवशी दुपारी आम्ही चौघे निलगिरीच्या झाडांखाली डबे उघडून बसलो होतो. चैतालीने मला सरळ विचारलं की मी कशात कमी पडते ते तुमच्या कागदांत दिसतं का. मला दिसत होतं, निदान तसं वाटत होतं. पहिल्या लांब फटक्यात ती गिरिजापेक्षा वीसेक यार्ड कमी पडे, पण तेवढ्याने गुणांत फार फरक पडत नव्हता. ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावर, चेंडू होलमध्ये ढकलण्यात तर दोघी जवळजवळ सारख्या. फरक होता मधल्या फटक्यात, दीडशे यार्डांच्या आसपासच्या. तिथून गिरिजाचा चेंडू झेंड्याजवळ पडे आणि चैतालीचा कुठेही. पण माझ्याकडे तीनच स्पर्धांचे आकडे होते आणि तेवढ्यावर एखाद्या मुलीला तिची उणीव सांगायचा मला धीर झाला नाही. मी म्हटलं की अजून नक्की काही सांगता येत नाही.

"मी सांगतो की," आप्पा म्हणाले. "हिची भाकरी कमी पडते."

चैतालीने त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. ती म्हणाली, मधला फटका कसा चांगला बसणार? ज्याचा चेंडू होलपासून लांब त्याने आधी मारायचं, हा नियम. माझा चेंडू नेहमी मागे, म्हणून मी नेहमी आधी. वारा कसा आहे, ग्रीन कडक आहे का मऊ, हे ताईला माझा चेंडू पडलेला बघून कळतं. "मी कुणाचा बघू?"

गिरिजा हसली. तिने डब्यातली एक चकली चैतालीच्या झाकणात ठेवली आणि ही तक्रार कर्नलसाहेबांना लिहून पाठव असं म्हणाली. मग दोघी उठून सरावाला गेल्या. आप्पांनी उरलेली भाजी संपवली आणि मला सांगितलं की बेबी लहान असताना बंकरमधल्या वाळूत किल्ले करायची.

त्या स्पर्धेत चैताली तिच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं खेळली. कसं, ते मला अजून सांगता येत नाही. आकड्यांत कारण सापडत नाही. शेवटच्या दिवशी सकाळी ती चौथी होती आणि गिरिजा पहिल्या जागेवर, बंगळूरच्या एका मुलीच्या आणि आणखी एकीच्या बरोबरीने. त्या दिवशी दोघींच्या जोड्या करून खेळवत होते. त्या दोघी शेवटच्या जोडीत होत्या आणि त्यांच्या पुढच्या जोडीत गिरिजा आणि चैताली. मी त्यांच्यामागे.

दिवसभर दोघी एकमेकींशी खेळाचं काही बोलल्या नाहीत. बोलता येत नाहीच. त्या खेळात आपल्या कॅडीखेरीज कुणाला सल्ला विचारला तर दंड, दिला तरी दंड. कुठला क्लब, म्हणजे कुठली काठी, वापरलास एवढं विचारलं तरी दोन फटके वाढतात, आणि ज्याचे फटके कमी तो जिंकतो. म्हणून त्या पाणी प्यायच्या, टॉवेलने हात पुसायच्या आणि आपापल्या चेंडूकडे जायच्या. नेहमीप्रमाणे चैतालीचा चेंडू मागे, गिरिजाचा वीस पावलं पुढे. नेहमीप्रमाणे चैताली आधी मारायची आणि गिरिजा उभी राहून बघायची.

उन्हं कलल्यावर वारा सुटला. सोळाव्या होलवर चैतालीचा चेंडू वाऱ्याने उडवून वाळूत टाकला आणि तिचा एक फटका वाढला. सतराव्यावर तिने लांबून चेंडू होलमध्ये घातला आणि तो फटका परत मिळवला. पुढच्या जोड्यांचे गुण फळ्यावर लागत होते. अठराव्या होलला आम्ही आलो तेव्हा ती पाचवी होती आणि सहाव्या जागेवर तिच्याहून एका फटक्याने मागे तिघी होत्या. म्हणजे या होलला तिने चारच फटके घ्यायला हवे होते. पाच झाले तर पाचव्या जागेचे गुण चौघींत वाटले जाणार आणि कार्ड गेलं. हे तिला माहीत होतं, आप्पांना माहीत होतं, आणि गिरिजालाही. गिरिजा अजून बंगळूरच्या मुलीच्या बरोबरीने पहिली होती.

अठरावा होल सरळ आहे. दोन्ही बाजूंनी निलगिरी, शेवटी ग्रीन, आणि ग्रीनच्या अगदी पुढे तळं. पहिला फटका मारून चेंडू मैदानात न्यायचा आणि दुसऱ्या फटक्याने तळ्यावरून ग्रीनवर टाकायचा.

सतराव्याला चैतालीला एक फटका कमी लागल्यामुळे आधी मारायचा मान तिचा होता. तिने सरळ मारलं. चेंडू मधोमध थांबला. मग गिरिजा आली. तिच्या कॅडीने मोठा लाकडी क्लब काढून पुढे धरला होता. तिने तो परत पिशवीत ठेवला, चैतालीच्या चेंडूकडे पाहिलं, आणि लहान लोखंडी क्लब घेतला. सहज मारल्यासारखं मारलं. चेंडू उसळत गेला आणि थांबला.

आप्पा माझ्या शेजारी होते. हळूच म्हणाले, "बेबी घाबरली."

मलाही तसंच वाटलं. पहिल्या जागेवर असताना शेवटच्या होलला माणसं सांभाळून खेळतात हे मी वाचलं होतं. मी चाक ढकलत गेलो आणि अंतर लिहिलं. गिरिजाचा चेंडू चैतालीच्या चेंडूच्या एक पाऊल मागे होता. त्या आठवड्यातला तिचा सगळ्यात लहान पहिला फटका.

एक पाऊल का होईना, ती मागे होती. म्हणून आधी मारायची पाळी तिची.

खाली वारा पाठीमागून येतोय असं वाटत होतं. आप्पांनी गवताची चिमूट उडवून पाहिली. ती ग्रीनकडे गेली. झेंडा मात्र झाडांच्या आडोशाला लोंबत होता. त्याच्यावरून काही कळत नव्हतं. गिरिजाने आठ नंबरचा क्लब घेतला. या क्लबांत आकडा जितका लहान तितका चेंडू लांब जातो. त्या अंतराला आठ तिचा नेहमीचा. तिने मारलं. आवाज स्वच्छ आला. चेंडू उंच चढला, झाडांच्या शेंड्यांच्या वर गेला, आणि तिथे कुणीतरी हात लावून थोपवल्यासारखा थांबला. मग तो जवळजवळ सरळ खाली आला आणि तळ्यात पडला.

लोक 'अरेरे' म्हणाले. गिरिजाने क्लब पुसला आणि बाजूला होऊन उभी राहिली.

आता चैताली. आप्पांनी सात नंबर काढून तिच्यापुढे धरला. ते दबक्या आवाजात पण भरभर बोलत होते, की वारा मागून आहे, बेबीचा फटका हुकला, तिचं तू बघू नको, तू आपला सातच मार, सरळ जाईल.

चैतालीने झाडांच्या शेंड्यांकडे पाहिलं. मग तळ्याकडे, जिथे अजून पाण्यावर वर्तुळं होती.

"आप्पा, ताईचा हुकला नाही," ती म्हणाली. "पाच द्या."

"पाच मारशील तर पलीकडे रस्त्यावर जाईल. सात धर."

"पाच द्या आप्पा."

आप्पांनी सात तसाच धरून ठेवला. तीस वर्षं साहेबांना ते सांगत आले होते आणि साहेब ऐकत आले होते. मुलगी तर जन्मापासून ऐकत आली होती. तिने त्यांच्या हातातला क्लब घेतला नाही. वाकून स्वतःच्या हाताने पिशवीतून पाच नंबर काढला. मी बाजूला वळून कागदावर काहीतरी लिहिल्यासारखं केलं. तिथे उभं राहून बघणं मला बरं वाटेना.

तिचा चेंडूही झाडांच्या वर गेल्यावर अडखळला, पण तो तळं ओलांडून ग्रीनवर पडला आणि झेंड्यापासून दहा-बारा पावलांवर थांबला. तिथून तिने दोन फटक्यांत होल पूर्ण केला. चार. गिरिजाला पाण्याचा दंड बसला. तिने पाचात होल संपवला, तोही लांबून चेंडू घातला म्हणून. मागून आलेल्या बंगळूरच्या मुलीने चार घेतले आणि ती जिंकली. गिरिजा एका फटक्याने दुसरी.

आप्पा मैदानाच्या कडेला पिशवी टेकवून बसले होते. चैताली त्यांच्याजवळ गेली तेव्हा ते म्हणाले, पाच नंबर पुसून ठेव, माती लागलीय. इतकंच. मग त्यांनी टोपी डोळ्यांवर ओढली.

चैताली वर्षाच्या यादीत तिसावी आली. एकतिसावी शगुफ्ता नावाची लखनौची मुलगी. ती क्लबहाउसच्या पायरीवर बसून बुटांच्या तळाला चिकटलेली माती काडीने काढत होती. तिच्या शेजारून मी दोनदा गेलो. 

मी आत जाऊन कागद लावत होतो तेव्हा गिरिजा आली. समोरच्या खुर्चीवर बसून तिने अठराव्या होलचा कागद मागितला. मी दिला. तिने आपल्या नावापुढची ओळ वाचली.

"बरोबर लिहिलंय," ती म्हणाली. "एक पाऊल."

मी विचारलं की मोठा क्लब का नाही घेतला. मी असं कुणाला विचारत नसे. विचारून झाल्यावर माझे कान गरम झाले.

तिने कागद उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला. "यात कारणाचा रकाना नाही ना सर?"

"नाही."

"मग ठीक आहे," असं म्हणून तिने कागद परत दिला.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की वाकणकर दडपणाखाली कोसळली. माझ्या अहवालात तो फटका मी एका तळटीपेत टाकला, की हा एक आकडा इतरांपासून फार दूर असल्याने हिशेबातून वगळला आहे. संख्याशास्त्रात तसं करता येतं.

चैताली पुढे दोन वर्षं खेळली. एकदा तिसरी आली. मग आप्पा गेले आणि तिने शिकवणं धरलं. तिचं पत्र त्यानंतरचं. त्याचं उत्तर देण्यासाठी मला कारणाचा रकाना भरावा लागला असता, आणि तो भरायचा अधिकार माझा आहे असं मला वाटेना. शिवाय मी ओळखलेलं कारण खरंच होतं का, याचीही खात्री नव्हती. मी हा खेळ फक्त पुस्तकांत वाचलेला माणूस. एक पाऊल हा योगायोगही असू शकतो.

यंदा दिवाळीनंतर गिरिजा आमच्या पेठेतल्या वाचनालयात आली. मी तिथे दुपारी बसतो आणि फाटक्या पुस्तकांना कव्हरं घालतो. कर्नलसाहेब गेल्यावर त्यांची पुस्तकं द्यायला ती आली होती. केस पिकले होते, पण चालणं तेच. मला तिने टोपीवरून ओळखलं. पुस्तकं नोंदवून झाल्यावर बोलणं निघालं. चैतालीच्या पत्राचं मी सांगितलं, आणि त्यातला प्रश्नही.

"मग काय लिहिलंत?"

मी म्हटलं, काहीच नाही. आणि मग, इतक्या वर्षांनी, विचारलं की ते मुद्दाम होतं का.

तिने पुस्तकांच्या गठ्ठ्याची दोरी गुंडाळून ठेवली. मग म्हणाली की हो, तिला वारा बघायला मिळावा एवढंच होतं. आपण पाण्यात जाऊ असं डोक्यात नव्हतं. तेवढं मात्र खरंच चुकलं, वर वारा उलटा असेल हे तिलाही कळलं नव्हतं.

"शगुफ्ताचं नंतर कळलं," ती म्हणाली. "तिला मी विसरलेली नाही. नियमात बसत होतं, पण बरोबर होतं का, ते नाही माहीत."

मी विचारलं, चैतालीला हे कधी सांगितलंत का. ती नाही म्हणाली. चैतालीने विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. दिवाळीला एकमेकींना फोन होतो. त्यात आप्पांचं निघतं, गुडघ्यांचं निघतं, हे निघत नाही.

"तुम्ही लिहा सर. मी सांगितलं तर उपकार होतो. तुम्ही लिहिलंत तर तो आकडा."

ती गेल्यावर मी कर्नलसाहेबांच्या पुस्तकांना कव्हरं घातली आणि घरी येऊन लिहायला बसलो. पहिल्या कागदावर पुन्हा सरासऱ्या आल्या. तो बाजूला ठेवला. दुसऱ्यावर 'मुद्दाम' हा शब्द आला आणि मला तो खोडावासा वाटला. खोडला. शेवटी जे उरलं ते असं होतं:

'चि. चैताली, उत्तराला फार उशीर झाला. तुझ्या विद्यार्थिनीला सांग की अठराव्या होलला गिरिजाने पहिला फटका मारला तेव्हा तुझा चेंडू आधीच मैदानात होता. तिने चेंडू त्याच्या एक पाऊल मागे नेऊन थांबवला. मी स्वतः मोजलं आहे. सव्वादोनशे यार्डांवर असा चेंडू थांबवता येणं, हा फरक. ती मागे असल्यामुळे तिने आधी मारलं, आणि तिचा चेंडू पाण्यात पडला. तो हुकला नव्हता हे तिथल्या माणसांत फक्त तुला कळलं. आप्पांनाही नाही, मलाही नाही. या दोन गोष्टींत मोठी कुठली, ते मला मोजता आलेलं नाही.'

सकाळी ते घेऊन टपाल कचेरीत गेलो. खिडकीतल्या बाईंनी वजन केलं, शिक्का मारला आणि विचारलं, साधंच पाठवायचं ना? मी हो म्हटलं. त्यांनी पाकीट मागच्या पोत्यात टाकलं आणि माझ्यामागच्या माणसाला पुढे बोलावलं.